तळावरचं सातवं नाव

भीमराजला स्टोचं वेड होतं, आणि एकाचं वेड म्हटलं की ते दुसऱ्याला सोसावं लागतं. इथं ते नीलाच्या वाट्याला आलं होतं. चिंचवड स्टेशनजवळच्या चाळीत एक खोली, खोलीत एक फळी, आणि फळीवर डब्यांच्या जागी अकरा स्टो. तेही घरी चहाला वापरतात तसले दणकट नव्हेत. पिशवीत मावतील असे, पाय दुमडणारे, पितळी टाकीचे प्रवासी स्टो. कुठला पलटणीचा, कुठला मोजणी खात्याचा, कुठला डोंगर चढायची हौस असलेल्या एखाद्या साहेबाचा. देहूरोडला लष्कराचा बाद झालेला माल लिलावात निघायचा आणि फिरत फिरत पिंपरीत उद्धवरावाच्या भंगाराच्या वखारीत येऊन पडायचा. रविवारी भीमराज तिथं उकिडवा बसून ढीग उपसायचा. नवा स्टो पिशवीतून बाहेर आला की नीला म्हणायची, घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. पण चिंच आणि राख घेऊन तो घासायला तीच बसायची, हेही खरं.

कंपनीत भीमराज बफिंगला होता. त्याच्या हाताखालून गेलेल्या पितळेत माणसानं भांग पाडावा, अशी त्याची ख्याती. आणि ही ख्याती त्याला स्वतःलाही चांगलीच ठाऊक होती. चकाकणार नाही अशी वस्तू त्याला आजाऱ्यासारखी वाटायची.

त्याची एक सवय मात्र आईकडून आलेली. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात. तांबट छोट्या हातोडीनं टिंब टिंब ठोकून देतो, अमक्यास तमक्याकडून सप्रेम भेट. भीमराजची आई, भिमाबाई, तिकडं उस्मानाबादकडच्या गावी मोडीतलं भांडं घ्यायची तेव्हा आधी वरचं नाव घासून काढायला लावायची. परक्याच्या नावाचं भांडं चुलीवर चढवायचं नाही, ज्याचं त्याला लखलाभ, असं तिचं म्हणणं. भीमराजनंही स्टोच्या बाबतीत तोच नेम ठेवला होता. टाकीवर नाव, नंबर, काहीही खोदलेलं दिसलं की पहिल्यांदा एमरी कागद लावून ते साफ. वाचायच्या भानगडीत तो पडत नसे.

बारावा स्टो त्याला चौऱ्याहत्तरच्या श्रावणात मिळाला. काजळीनं काळा आणि कळकानं हिरवा पडलेला. तीन पायांतला एक तुटून त्या जागी खेचराच्या नालेचा तुकडा कुणीतरी तारेनं आवळून बसवलेला. बर्नरच्या टोपीचा एक टवका उडालेला. तळाशी हिरव्या थराखाली टिंबाटिंबांच्या ओळी होत्या, देवनागरीतल्या. भीमराजनं त्या पाहिल्या. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत त्यानं तळ चाकावर धरला, आणि पाच मिनिटांत तिथं त्याचं स्वतःचं तोंड दिसायला लागलं.

पुढचे दोन महिने तो त्या स्टोच्या मागं होता. पंपाचा वायसर सायकलवाल्याकडच्या चामड्यातून कापून एरंडेलात भिजवला. निप्पलचं भोक मोकळं करताना तर त्यानं श्वास रोखून धरला होता, कारण पिन एक केसभर जास्त गेली की स्टो कायमचा बाद. नालेचा पाय त्यानं तसाच ठेवला, कारण तो बाकीच्या दोघांपेक्षा भक्कम होता. टवका उडालेली टोपीही तशीच राहिली, कारण तसली दुसरी कुठून आणायची. मग पेट्रोल भरलं, काकडा लावून बर्नर तापवला, चावी सोडली. ओंजळीत मावणाऱ्या टाकीतून निळी ज्योत भर्रकन उठली आणि खोली त्या आवाजानं भरून गेली. त्या भर्र आवाजात मधूनच एक बारीक शीळ यायची, थांबायची, पुन्हा यायची. ती टोपीच्या टवक्यातून येत होती. नीला पोळ्या लाटायची थांबली. एवढ्याशा जिवात एवढा दम कुठून येतो, असं ती म्हणाली. भीमराजला कितीही स्टो पेटवले तरी दर वेळी हेच वाटायचं, आणि दर वेळी पहिल्यांदाच वाटतंय असं वाटायचं.

खंडेनवमीला कंपनीत मशिनी धुऊन पुसून झेंडूचे हार घालतात. भीमराज पूजेला हात जोडत नसे. दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र दिनाची त्याची तयारी वेगळी. पण मशीन पुसण्यात तो कुणाला हार गेला नव्हता, आणि त्या दिवशी खात्यातल्यांना आपली करामत दाखवायची म्हणून तो बारावा स्टो पिशवीतून घेऊन गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

गेटवर धोंडीबा होता. मारुंजीचा, पलटणीतून आलेला, डाव्या पायाची दोन बोटं नसल्यानं किंचित लंगडणारा. सगळे त्याला मामा म्हणत आणि सगळे त्याच्यावर वैतागत. कारण मामा गेटमधून येणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण नाव विचारायचा. स्वतःचं, बापाचं, वर गाव. रोज. दहा वर्षं त्याच गेटनं येणाऱ्यालाही. पोरं म्हणायची, बायकोनं दार वाजवलं तरी मामा आधी तिचं पूर्ण नाव विचारतो आणि मग कडी काढतो. आणखी एक गोष्ट होती, ती फारशी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. या मुलखात शेजाऱ्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे एकमेकांना राव म्हणतात. मामाच्या तोंडून तो शब्द कधीच येत नसे.

बफिंग खात्यात भीमराजनं स्टो पेटवला. मामा पेढे घ्यायला आत आला होता. ज्योत उठली, भर्र आवाज झाला, मग शीळ आली, थांबली, पुन्हा आली. मामाच्या हातातला द्रोण खाली पडला. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले आणि तसाच, आंधळ्यासारखा, लोकांना चाचपत स्टोपर्यंत आला. भीमराजनं घाबरून चावी बंद केली. मामा खाली बसला. टाकी अजून गरम होती, पण त्यानं पर्वा केली नाही. बोटांनी एकेक पाय चाचपला. नालेच्या तुकड्याशी आल्यावर बोटं थांबली. मग त्यानं डोळे उघडले, स्टो उलटा केला आणि तळाकडं पाहिलं. तिथं आरशासारख्या पितळेत त्याचंच तोंड होतं.

"नावं कुटं गेली?" त्यानं विचारलं.

भीमराजनं खरं ते सांगितलं. घासून काढली. मामानं मान हलवली, स्टो हळूच खाली ठेवला आणि गेटवर निघून गेला. तो रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर भीमराजला बरं वाटलं असतं.

शिफ्ट सुटल्यावर तो गेटवर गेला आणि मामानं त्याला सांगितलं. बासष्ट सालची लढाई. त्यांच्या तुकडीतल्या सहा जणांचा तो स्टो. सरकारी मालावर नाव घालायला बंदी होती, पण एवढ्या उंचीवर बघायला कोण येतंय, म्हणून सहाही जणांनी खिळ्यानं आपापली नावं तळावर ठोकली होती. मग पळापळ झाली, सहा जण सहा दिशांना पांगले. मामा स्टो घेऊन एका कपारीत अडकला. बर्फाच्या लखलखाटानं त्याचे डोळे गेले होते, सगळं पांढरं आणि मग सगळं काळं. तिथं दुसऱ्याच पलटणीतला एक जण येऊन पडला. तोही वाट चुकलेला. बोलीवरून आपल्याच मावळातला. चार दिवस दोघं त्या स्टोजवळ बसून होते. त्या माणसानं बर्फ वितळवून मामाला पाणी पाजलं, काळे पडत चाललेले पाय आपल्या कोटात धरले. मामा दिसत नसल्यामुळं नुसता आवाज ऐकायचा. भर्र, आणि मधेच शीळ. शीळ येतेय तोवर आपण जिवंत आहोत, एवढंच कळायचं.

"मी त्याला राव म्हनायचो, त्यो मला राव," मामा म्हणाला. "चार दिस. नाव इचारायचं सुचलंच न्हाई कुनाला. आपल्याकडं राव म्हनलं की सगळं आलं."

पाचव्या दिवशी जवळच्या डब्यातलं पेट्रोलही तळाला गेलं. त्या माणसानं स्टो विझवला, उलटा करून मांडीवर घेतला आणि बराच वेळ खिळ्यानं टिक टिक ठोकत राहिला. मामानं विचारलं, काय करतोस राव? तो म्हणाला, काही नाही, नाव घालतोय. मग त्यानं स्टो पुन्हा पेटवून दिला आणि वाट बघून येतो, माझ्या मागं येऊ नको, स्टो विझू देऊ नको, असं सांगून गेला. तो परत आला नाही. शोधायला निघालेल्या शिपायांनी दुसऱ्या दिवशी शीळ ऐकून मामाला बाहेर काढलं. स्टो इस्पितळात कुणीतरी काढून घेतला. डोळ्यांवरची पट्टी सुटली तेव्हा तो कुठल्या कोठारात गेला हे कुणालाच सांगता येईना. मामानं सरकारला अर्ज केले. उत्तर यायचं की नाव कळवा. मावळातली गावं पालथी घातली. घरोघर विचारलं, बर्फात हरवलेला कुणी आहे का. कुणीच हो म्हणालं नाही. बारा वर्षं तो ते नाव शोधत होता, आणि ते ज्या एका ठिकाणी लिहिलेलं होतं ते भीमराजनं जेवणाच्या सुट्टीत पुसून टाकलं होतं.

घरी आल्यावर भीमराजनं नीलाला सगळं सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून बसला. आपण माणसाला दुसऱ्यांदा मारलं, असं तो म्हणाला. नीलाच्या हातात तिच्या लग्नातली पातळ पितळी वाटी होती, नाव घातलेली. ती घासता घासता थांबली, वाटीच्या आतून अंगठा फिरवला, आणि मग वाटी नवऱ्याच्या हातात दिली.

"आतून बघा," ती म्हणाली. "माझं नाव रोज हाताला लागतं."

भीमराजनं अंगठा फिरवला. बाहेरून ठोकलेलं प्रत्येक टिंब आतून मोहरीएवढं वर आलेलं होतं. पंधरा वर्षं पितळ हाताळणाऱ्या माणसाला हे कळू नये आणि भांडी घासणारीला रोज कळावं, याची त्याला लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी त्याच्या छातीत उठलं होतं. त्यानं एमरीनं पुसलं होतं ते पितळेचं बाहेरचं अंग. आत त्याचा हात पोचलाच नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी मामा चाळीत आला. दारातच त्यानं नीलाला तिचं पूर्ण नाव विचारलं आणि तिनं ते न हसता सांगितलं. भीमराजनं स्टोमधलं पेट्रोल आधीच ओतून टाकलं होतं. आता त्यानं टोपण उघडून एक पोलादी तार आत सोडली आणि तिचं टोक तळावरून हळूहळू ओढलं. तारेतून आवाज आला, टिक, टिक, टिक. मग गुळगुळीत. मग पुन्हा टिक, टिक. मामानं भीमराजचं मनगट पकडलं. हाच आवाज, तो म्हणाला, असाच ठोकत होता. तिघंही कितीतरी वेळ नुसते ऐकत बसले.

नाव आत होतं. आता ते बाहेर काढायचं तर टाकी कापायला हवी, आणि कापलेल्या टाकीला पुन्हा कितीही डाग दिला तरी ती दाब धरील असा भरवसा नाही. म्हणजे ही ज्योत, ही शीळ, पुन्हा नाही. अकरा स्टो एका बाजूला आणि हा बारावा एका बाजूला, असा त्याच्यावर भीमराजचा जीव जडला होता. त्यानं मामाला विचारलं, एकदा शेवटचा पेटवून ऐकायचाय का? मामानं नको म्हणून मान हलवली. म्हणाला, आवाज माज्याजवळ हाय, नाव न्हाई.

पेट्रोलची रिकामी टाकी भरल्या टाकीपेक्षा वाईट, हे भीमराजला पक्कं ठाऊक होतं. नीलानं बंबातलं कढत पाणी आणि धुण्याचा सोडा दिला. तीनदा टाकी खळखळून धुतली, वास जाईपर्यंत. मग व्हरांड्यात बसून त्यानं हॅक्सॉचं नवं पातं लावलं आणि तळाच्या कडेनं गोल गोल, घाई न करता, कापायला सुरुवात केली. कपाळावरचा घाम पितळेवर पडत होता. तासाभरानं तळ वेगळा झाला, उथळ वाटीसारखा त्याच्या ओंजळीत आला. आत पिवळ्याधमक पितळेवर टिंबांच्या ओळीच्या ओळी होत्या, सगळ्या उलट्या.

नीलानं दिव्यावर धरलेल्या ताटलीची काजळी बोटानं त्या टिंबांवर हलकेच फिरवली. पतंगाचा पातळ कागद ओलसर करून वर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. भीमराजनं कागद उचलून उजेडाकडं धरला. उलट्याचा उलटा ठसा म्हणजे सुलटा. काळ्या टिंबांची अक्षरं त्यावर अशी उमटली होती, जणू कुणी आत्ताच ठोकून उठलं आहे. मामा वाचायला पुढं वाकला. पहिली सहा नावं त्यानं पाठ असल्यासारखी म्हटली. आपल्या स्वतःच्या नावावर तो क्षणभर अडखळला. मग तो मागं सरला, आणि पुढचं भीमराजनं वाचलं.

राव यांस चिमाजी कोंडाजी, ताथवडे, याजकडून सप्रेम भेट.

मरणाच्या दारात बसलेल्या माणसानं, बोटं गोठलेली असताना, लग्नातल्या भांड्यावर घालतात तसं रीतसर लिहिलं होतं. स्टो मामाचाच होता, भेट होती ती आपल्या वाट्याच्या उबेची, आणि घेणाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं म्हणून जेवढं ठाऊक होतं तेवढं लिहिलं. भीमराजला वाटलं, आजवर आपण एवढं पितळ चकाकवलं, पण असं उजळलेलं काही आपल्या हातून कधी गेलं नाही. मामा लहान मुलासारखा रडत होता.

"ताथवड्याला गेल्तो मी," मामा म्हणाला. "त्याच घरी गेल्तो. म्हाताऱ्या आईनं पानी दिलं. म्हनली, आमचा बर्फात न्हाई हरवला, पहिल्याच दिशी गोळी लागून गेला, तार आलीया."

दुपारी मामा आणि भीमराज दोन सायकलींवरून ताथवड्याला गेले. चिमाजीची आई, गिरजाबाई, अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. मामानं आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं, आणि मग जे सांगायला बारा वर्षं लागली ते सांगितलं. तार चुकीची होती. तिचा मुलगा पहिल्या दिवशी गेला नव्हता. म्हातारीनं मधे एकदाही विचारलं नाही की हे कशावरून. पितळेचा तळ तिनं मांडीवर घेतला. वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं अंगठा फिरवला. शेवटच्या ओळीवर मामानं तिचा अंगठा धरून नेला, हे राव, हे चिमाजी, हे कोंडाजी. तिथं ती बराच वेळ रेंगाळली.

"लई थंडी व्हती का रं?" तिनं विचारलं.

"चार दिस न्हाई लागली, आई. स्टो पेटता व्हता."

"आन पाचव्या दिशी?"

मामानं खाली मान घातली. "पाचव्या दिशी ती ऊब मला देऊन गेला," तो म्हणाला.

म्हातारीनं डोळे पुसले नाहीत. मामानं तळ तिच्याकडंच राहू दे म्हणून हात जोडले. ही लेकराची शेवटची खूण, ती त्याच्या घरीच हवी. तिनं पुन्हा एकदा अंगठा फिरवून विचारलं, यातलं राव म्हणजे तूच ना? मामा हो म्हणाला. मग तुझीच आहे ही, ती म्हणाली, त्यानं दिलेलं मी कसं घेऊ.

तिनं तळ मामाच्या हातात परत दिला. मग काहीतरी आठवल्यासारखं पुन्हा मागून घेतला, सुपाशी नेला आणि त्यात आंबेमोहोर तांदूळ काठोकाठ भरले. शेजारणीचं भांडं परत करताना रिकामं देत नाहीत. बारा वर्षांपूर्वी तिच्या घरातून गेलेली भेट होती ती, आणि आज तिच्या दारी आली होती.

"सांडू नगंस, राव," ती म्हणाली.

मामानं ते दोन्ही हातांत धरलं. परतताना भीमराजनं दोन्ही सायकली हातानं ढकलल्या आणि मामा रस्ताभर पुढं चालत राहिला, हळूहळू, लंगडत, एक दाणा न सांडता.